स्मार्ट क्लासरूम शाबूत कशी ठेवावी

अभिनंदन! कॉलेजच्या आयसीटी (माहिती-संपर्क तंत्रज्ञान) समितीचं समन्वयकपद तुमच्या गळ्यात पडलं, म्हणजे एकतर तुम्हाला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, किंवा नाव ठरलं त्या बैठकीला तुम्ही गैरहजर होता. दोन्ही पात्रता चालतात. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येऊन जाईपर्यंत तुमचं काम एकच. यंत्रं दिसली पाहिजेत, पण ती कुणी वापरता कामा नयेत. वापरलेली वस्तू झिजते, आणि झिजलेल्या वस्तूमुळे डेड स्टॉक रजिस्टरचा, म्हणजे सामानाच्या नोंदवहीचा, मेळ बसत नाही.

खरेदीच्या बैठकीत ‘यावर शिकवायचं काय?’ असं कुणी विचारलं तर लगेच चहा मागवा. चहा संपेपर्यंत ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेलवर एकमत करून टाका. या पॅनेलची उंची भरते साधारण ९३ सेंटिमीटर. बारीक मजकूर वाचायचा तर बघणारा पडद्याच्या उंचीच्या सहापटीच्या आत बसलेला हवा, असा बसवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे साडेपाच मीटर. तुमचा वर्ग बारा मीटर लांब असेल तर मागची निम्मी बाकं तिथेच शिकण्याच्या जाचातून सुटली. त्याच पैशात मोठा पडदा, बरा प्रोजेक्टर आणि कॉलरचा माईक आला असता, पण माईक नॅकला दाखवायच्या जिओटॅग (जागेची नोंद असलेल्या) फोटोत उठून दिसत नाही.

जुना प्रोजेक्टर असेलच. त्याच्या फिल्टरला हात लावू नका. ऊस गळीताच्या हंगामात कारखान्याच्या पट्ट्यातल्या कॉलेजांवर चिमणीची काजळी उतरते, तिथे तर निसर्गच तुमच्या बाजूने आहे. फिल्टर चोंदला की हवा अडते, आतलं तापमान वाढतं, लाल दिवा लुकलुकतो आणि नेमकं उदाहरण सोडवताना पडदा काळा होतो. फिल्टर बाहेर काढून ब्रशने झटकायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं कुणाच्या जॉब चार्टमध्ये आहेत? तास संपला की शिपाईमामांना थेट भिंतीवरचं बटण बंद करायला सांगा. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये पंख्याला दिवा थंड करायचा वेळ मिळाला नाही की दिव्याचं आयुष्य घटतं. मग ‘दिवा मागवला आहे’ या एका वाक्यावर अख्खं सत्र निघतं.

कॉम्प्युटर लॅबचं कुलूप उत्तम, पण पुरेसं नाही. प्रत्येक मशीनवर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर टाका. रीस्टार्ट केलं की मशीन पूर्वीसारखं कोरं होतं, व्हायरसही गेले. पण फाइल कुठे सेव्ह करायची हे मुलांना सांगू नका आणि त्यांच्यासाठी वेगळा न गोठणारा ड्राइव्हही ठेवू नका. प्रॅक्टिकलचा दीड तासाचा प्रोग्रॅम डेस्कटॉपवर ठेवलेला पोरगा लाइट गेल्यावर जे शिकतो, ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

वाय-फायसाठी एक घरगुती राऊटर प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवा, दगडी भिंत असेल तर फारच छान. फोनांना वाटायला शंभरेक आयपी पत्ते आणि लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, चोवीस तासांची, हे तसंच राहू द्या. सकाळच्या आर्ट्सची मुलं एसटी पकडून गावाला पोचतात, तरी त्यांचे पत्ते राऊटरने राखून ठेवलेले असतात. दुपारच्या कॉमर्सला फक्त फिरतं चक्र दिसतं. लीज एका तासावर आणली तर हा प्रश्न सुटतो, म्हणून राऊटरचा पासवर्ड हरवलेला बरा.

आता मूडल, म्हणजे धडे, गृहपाठ आणि क्विझ ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर (एलएमएस). ही खरी धोक्याची जागा, कारण हे फुकट आहे आणि चांगलं आहे. २००२ पासून जगभरची विद्यापीठं ते वापरतात. ‘एलएमएस आहे’ एवढं अहवालात यायला हवं, म्हणून ते बसवा आणि प्रत्येक विषयाच्या पानावर सिलॅबसची पीडीएफ चढवा. तिथेच थांबा. क्रॉन चालू करू नका. सर्व्हरवर दर मिनिटाला चालायचं हे छोटं काम बंद असलं की सूचनांचे मेल जात नाहीत, आणि ‘मुलंच बघत नाहीत’ असं स्टाफरूममध्ये छातीठोकपणे म्हणता येतं. मूडल ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिची अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी, तीही ठेवा. वहीच्या एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो सहज ३-४ एमबीचा होतो. गृहपाठ स्वीकारला जात नाही आणि दोष मुलाच्या नेटवर्कवर जातो. नाद खुळा!

क्विझच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची यंत्रणा सुरू झाली, तेव्हापासून कॉम्प्युटर शिक्षणात एक काम माणसापेक्षा न कंटाळता करतो: उत्तर चुकलं की त्याच क्षणी सांगतो. मूडलमध्ये प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे ‘हा पर्याय का वाटला आणि कुठे घसरलात’ हे दोन ओळींत लिहायची जागा असते. ती रिकामी ठेवा. मुलाने उत्तर चुकल्यावर इशारा वाचून पुन्हा प्रयत्न करावा अशीही पद्धत निवडता येते. तिच्याऐवजी शेवटी एकदम निकाल देणारी निवडा. रिव्ह्यू ऑप्शन्समध्ये चौकटींच्या रांगा दिसतील, त्यातल्या बरोबर उत्तराच्या आणि फीडबॅकच्या खुणा एकेक करून काढा. मुलाला फक्त ‘२० पैकी ११’ दिसलं पाहिजे. कुठले नऊ गेले, हे ज्याचं त्याने शोधावं. स्वयंअध्ययन म्हणतात ते हेच.

रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग कुणी तोंडावर फेकू शकतो, म्हणून तो माहीत असावा. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी एकीकडे, आणि पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढणारे दुसरीकडे. पाच मिनिटांनी बघितलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने बघितलं तर आठवून लिहिणारे. तुम्ही पाच मिनिटांनंतरचाच निकाल सांगा. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचतात, त्यांनाही तोच पटतो.

क्विझ होऊनच गेली, तर निदान स्टॅटिस्टिक्सचा रिपोर्ट उघडू नका. त्यात दोन आकडे असतात. फॅसिलिटी इंडेक्स म्हणजे त्या प्रश्नाला वर्गाने सरासरी किती टक्के गुण मिळवले. तो २० असेल तर तो भाग पुन्हा शिकवायला लागतो. डिस्क्रिमिनेशन इंडेक्स सांगतो की बाकी पेपर चांगला सोडवणाऱ्यांनाच हा प्रश्न आला का. तो उणे आला तर हुशार मुलं चुकली आणि बाकीची बरोबर ठरली. अशा वेळी बहुतेकदा उत्तरसूचीच चुकलेली असते. आता ती चूक कुणाची, हे रेकॉर्डवर कशाला आणायचं? पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे हे आपण तासातासाला बघतो. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे पोराटोरांना पाठ. वर्गाची पातळी मात्र विद्यापीठाच्या निकालातच कळावी. तोवर पाणी ओसरलेलं असतं.

मराठी माध्यमाच्या प्रश्नांसाठी तर फार सोपा उपाय आहे. वर्षानुवर्षांचे प्रश्नसंच श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतात. या फॉन्टमध्ये आत साठतात इंग्रजी अक्षरांचेच संकेत, वरून रूप फक्त मराठी. मूडलवर किंवा गुगल फॉर्मवर चिकटवले की ‘महात्मा फुले’ यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांचा सडा पडतो. ते बघा आणि जाहीर करा की कॉम्प्युटरला मराठी येत नाही. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे चालणारं मराठी) करून घेतलं तर काम होतं, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात. विंडोजमध्ये मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक फुकट असतो हेही कुणाला सांगू नका.

चंदगड, भुदरगड, गगनबावड्याकडच्या डोंगरी, रेंज कमी असलेल्या गावांतल्या मुलांसाठी ७२०पी व्हिडिओ ठेवा, तासाचे शेकडो एमबी. अर्ध्या तासाचं नुसतं बोलणं ३२ केबीपीएसवर रेकॉर्ड केलं तर जेमतेम ७ एमबी होतं, सोबत फळ्याचे चार फोटो दिले की भागतं. पण त्यात कंपनीचं ॲनिमेशन कुठलं? मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये धडे उतरवून रेंज नसताना वाचता येतात आणि क्विझच्या सेटिंगमध्ये परवानगी दिली तर क्विझही ऑफलाइन सोडवून नंतर पाठवता येते. ती चौकट तुम्हाला सापडलीच नाही, असं ठरवून टाका.

एआयची भीती वाटत असेल तर मजकूर एआयने लिहिलाय का हे ओळखणारा डिटेक्टर विकत घ्या. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला, पण ते परदेशी लोक, त्यांना धीर कमी. असाइनमेंटचा विषय बदलणं, मुलाला पाच मिनिटं समोर बसवून ‘हे वाक्य समजावून सांग’ म्हणणं, हे मात्र टाळा. त्याचं बिल निघत नाही.

एवढं करूनही एखाद्या सीएचबीवाल्या (तासिका तत्त्वावरच्या) मॅडम गडबड करतात. त्यांना स्मार्ट क्लासरूमची किल्ली मिळत नाही, म्हणून त्या प्लिकर्सची कार्डं साध्या कागदावर छापून आणतात. मुलं कार्ड फिरवून ए, बी, सी, डी दाखवतात, मॅडमचा एक फोन सगळा वर्ग टिपतो. मुलांना फोन नको, राऊटरही नको. मग हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांची रीत. पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के बरोबर आले तर उत्तर न सांगता ‘वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवा’ म्हणायचं, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा कार्डं वर. तीसच्या खाली आले तर आधी स्वतः पुन्हा समजवायचं. सत्तरच्या वर गेले तर पुढे सरकायचं. वर्गात आवाज होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते, आणि मुलं तासाला बसू लागतात.

घाबरू नका. मॅडमची नेमणुकीची ऑर्डर सत्रापुरती असते, पुढची निघायला वेळ लागतो. तेवढ्यात ‘साफसफाई’ म्हणून त्यांचा मूडलवरचा कोर्स काढून टाका. त्यात घातलेली प्रश्नपेढीही सोबत जाते. आपोआप बॅकअप घ्यायची सोय मूडलमध्ये मुळात बंद असते, ती बंदच आहे ना, एवढं बघा. काढलेला कोर्स मूडल काही दिवस रिसायकल बिनमध्ये राखून ठेवतं. तेवढे दिवस ॲडमिनचा पासवर्ड कुणाला देऊ नका.