सतरा जीबीचा कडता

आमच्या घरी तुरीचं वरण माझ्या लॅपटॉपवर शिजायचं. म्हणजे गॅसवरच, पण वेळ लॅपटॉपची. मी बटण दाबलं की आई कुकर चढवायची. पडद्यावरचं गोल गोल फिरणं थांबून माऊस हलू लागला की मी ओरडायचो, "लागला!" की तिकडे गॅस बंद. अकरा मिनिटं. तीन वर्षांत वरण एकदा कच्चं राहिलं नाही की एकदा करपलं नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला रमतगमत जाणारी आमची शकुंतला आगगाडी बंद पडली, पण तिची चाल माझ्या लॅपटॉपनं जिवंत ठेवली होती.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेचा मास्तर आहे. माहिती भरून वेळ उरला तर शिकवतो. मे महिन्याची सुट्टी लागली तसं ठरवलं, की माहिती साठवणारी जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवायची. अमरावतीला जाऊन अठराशे रुपये मोजले आणि ती चपटी डबी घेऊन घरी आलो. बाबा ओट्यावरच बसले होते.

बाबांनी जन्मभर कापूस विकला आणि व्यापारी वजनातून कापून घेतो तो कडता जन्मभर सोसला. कोणतीही वस्तू हातात आली की आधी ती तळहातावर वर-खाली करतात, मग बोलतात.

"रिकामं हाये हे."

"नाही बाबा, असंच असते ते."

"आतमंदी काय फिरते?"

"काहीच नाही फिरत. तोच तर फायदा हाये." मी त्यांना रीतसर समजावलं. जुन्या डिस्कमध्ये तबकडी असते, ती मिनिटाला ५,४०० फेरे मारते. तिच्यावरून एक दांडी माहिती हुडकत इकडून तिकडे पळते. तबकडी आणि दांडीच्या टोकात केसही मावणार नाही इतकं कमी अंतर. हुडकण्यातच सगळा वेळ जातो. नवीत नुसत्या चिपा. त्यांच्यात विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, लाईन गेली तरी तो तिथंच राहतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे जुनी राबते," ते म्हणाले, "अन् हे बसून खाते."

मग त्यांनी ती डबी उचलली आणि थेट समोरच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेऊन ठेवली. चाळीस ग्रॅम. दुकानात बसलेल्या चौघांसमक्ष त्यांनी तोंडी हिशेब केला. चाळीस ग्रॅमचे अठराशे, म्हणजे ग्रॅमला पंचेचाळीस, म्हणजे क्विंटलला ४५ लाख. "अन् आपल्या कापसाले सात हजार देतानी व्यापाऱ्याचा जीव जाते!" चौघांनीही माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मास्तरनं ४५ लाख भावाचा माल आणला आणि तोही पोकळ.

वजनाचाच विषय निघाला म्हणून मी एक चूक केली. सांगून बसलो, की १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळा सांगाडा टनभर वजनाचा होता.

"टनभर? म्हणजे दहा क्विंटल!" बाबांचा चेहरा उजळला. "माल त्याले म्हणतात."

त्या दहा क्विंटलमध्ये जेमतेम पाच एमबी माहिती मावायची, आज मोबाईलवर काढलेला एक फोटो, हे मी सांगितलं. पण ते तोवर दुकानाकडे निघाले होते.

रात्री क्लोनिंगला बसलो. नवी डबी वायरनं लॅपटॉपला जोडायची, जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं. सॉफ्टवेअरनं दोन चौकोन दाखवले आणि विचारलं: कुठून? कुठे? इथं माझे हात थरथरले. उलटं झालं तर रिकाम्या डिस्कचं रिकामेपण भरल्या डिस्कवर इमानदारीनं उतरतं. पोरीच्या बारशाचे फोटो, बाबांच्या विहिरीचे कागद, चार वर्षांच्या हजेऱ्या सगळं स्वच्छ. मी तीनदा वाचलं, बायकोला वाचायला लावलं, शेवटी पोरीलाही. तेवढ्यात मागून बाबा.

"डब्बीवर किती लिहेल हाये?"

"२४०."

"अन् इथं किती दाखवते?"

मी पाहिलं. २२३.

खोलीत शांतता पसरली. व्यापाऱ्यानं काटा मारलेला शेतकरी ज्या नजरेनं अडत्याकडे पाहतो, त्या नजरेनं बाबा माझ्याकडे पाहत होते. मी घाईघाईनं सांगू लागलो, की विकणारा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो आणि लॅपटॉप धरतो १,०७,३७,४१,८२४ बाइट. माल तेवढाच, माप वेगळं. या बाजारची पायली अन् त्या बाजारची पायली कुठं एक असते?

"समजलं," बाबा म्हणाले. "सतराचा कडता कापला. अन् तू मुकाट सही करून आला."

बटण दाबलं. वेळ दाखवली दोन तास चाळीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटांची आणि आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी इतकी म्हातारी, की लॅपटॉप आणि कूलर ही दोन ओझी तिला एकदम झेपत नाहीत. मेमधली वऱ्हाडातली रात्र. भिंतीला हात लावला तर तवा. मी कूलरचा पिन काढला. त्या रात्री घरातल्या पाच माणसांनी मला काय काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही. आईनं तर फक्त पदरानं वारा घेत "चालू दे बाप्पा तुहं" एवढंच म्हटलं, ते सगळ्यात जास्त लागलं.

सकाळी पेचकस घेऊन बसलो. खालून अकरा पेच, दोन रबरी पायांखाली दडलेले. इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून आईचा मिसळणाचा डबा रिकामा दिसला त्यात ठेवले. तो पूर्ण रिकामा नव्हता. एका वाटीत तळाला मोहरी होती, हे दुपारी बायकोनं फोडणीत एक मोहरी काही केल्या तडतडत नाही म्हणून मला हाक मारली तेव्हा कळलं.

एसएसडी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं. काळा पडदा. चालू व्हायला लागणारी डिस्कच सापडत नाही, असं तो म्हणत होता. उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा काळा. अंगातून घामाचे ओघळ. बाबा येऊन वाकले, एका बोटानं डबी हलवून पाहिली.

"ढिलं हाये. पाचर मार."

खरंच होतं. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची, ही सात. त्या अडीच मिलिमीटरच्या पोकळीत ती खाली बसत होती आणि टोकं नीट भिडत नव्हती. बाबांनी सुपारीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, दुमडला, कुऱ्हाडीच्या दांड्याला मारतात तशी पाचर मारली आणि उठले. मी बटण दाबलं. अठरा सेकंद! मला इतका आनंद झाला, की मी आंगणापर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो, "लागला!"

संध्याकाळी जेवायला बसलो. ताटात वरण वाढलं ते पाणी वेगळं, दाणे वेगळे. आईनं पोरीकडे पाहिलं. दुपारी शेजारी जाताना तिनं कुकर चढवून पोरीलाच सांगून ठेवलं होतं, की बाबाचा लॅपटॉप लागला की गॅस बंद करजो.

"मी लगेच बंद केला, आजी," पोरगी म्हणाली. "बाबा ओरडल्याबरोबर."

बाबांनी तुरीचा एक दाणा चिमटीत धरून दाबला. फुटला नाही. त्यांनी तो माझ्या ताटात ठेवला.

"घे," ते म्हणाले. "तुहे सतरा."