फेंटानिलचा पॅच म्हणजे दुखण्यावरचं मलम नव्हे

कंबर-गुडघ्याच्या जुन्या दुखण्यासाठी एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘फेंटानिलचा पॅच गोळीपेक्षा सौम्य. दुखलं की लावा, थांबलं की काढा. पोटाला त्रास नाही, वर्षानुवर्षं चालतो.’ फेंटानिल हे मॉर्फिनसारखंच ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गटातलं तीव्र वेदनाशामक; पॅच म्हणजे ते कातडीतून शरीरात सोडणारी चिकटपट्टी. हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

आधी ‘सौम्य’. ताशी २५ मायक्रोग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो. पण तो पॅच दिवसाला तोंडावाटे किमान ६० मिलिग्रॅम मॉर्फिन घेणाऱ्यासाठी असतो. निदान आठवडाभर तेवढ्या ओपिऑइडची सवय शरीराला झालेली नसेल, तर तो लावायचाच नसतो. श्वास मंदावतो आणि झोपेत कुणाला कळतही नाही.

‘लावा-काढा’ हे तर सर्वांत घातक. औषध आधी कातडीत साठतं, मग रक्तात झिरपतं. पहिल्या पॅचचा पूर्ण परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात. तेवढ्यात ‘फरकच नाही’ म्हणून दुसरा चिकटवला, की रात्री दोन्हींचा भार एकदम येतो. काढल्यावरही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १७ तास, कधी त्याहून जास्त. म्हणून पॅच लावलेला माणूस गुंगीत असेल, हाक मारून उठत नसेल, तर पॅच काढून लगेच रुग्णालय गाठा. नुसतं काढून भागत नाही. एक पॅच ७२ तासांचा. नवा लावण्याआधी जुना काढलाय ना, हे पाठीवर, खांद्यामागे हात फिरवून बघा. जागा दर वेळी बदला, साध्या पाण्याने पुसून कोरडी करा, तळव्याने ३० सेकंद दाबून धरा. पॅच कापून अर्धा करू नका.

पॅचवर शेक तर मुळीच नको. गरम पाण्याची पिशवी, विजेची शेकपट्टी, अंगात चढलेला ताप, सगळ्यांनी औषध भराभर आत शिरतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिकही रक्तातलं फेंटानिल वाढवते.

पोटाचं म्हणाल तर मॉर्फिनच्या गोळीपेक्षा बद्धकोष्ठता कमी, पण होतेच. रेचक पहिल्या दिवसापासून लागतं.

आता ‘वर्षानुवर्षं’. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत कंबरदुखी आणि खुब्याच्या-गुडघ्याच्या सांध्यांच्या झिजेचे २४० रुग्ण १२ महिने पाहिले. ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा सुधारली नाही, वेदना उलट किंचित जास्त राहिली. शिवाय सवय लागते, डोस वाढत जातो, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटतं. पण म्हणून महिनोन्महिने लावलेला पॅच एका दिवसात फेकू नका. अस्वस्थता, घाम, जुलाब, उसळलेली वेदना येते. डोस डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या.

कॅन्सरच्या वेदनेत, गिळता येत नसताना हाच पॅच मोठा आधार असतो. तिथे भीतीपोटी तो नाकारू नये.

वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून त्याची लगेच विल्हेवाट लावा. अमेरिकेचं औषध प्रशासन तो फ्लश करायला सांगतं. उघडा पडलेला पॅच रांगत्या बाळाच्या हाताला चिकटतो, तिथून तोंडात जातो. अशी मुलं दगावली आहेत.