आठ मिनिटांच्या कामाबद्दल

नमस्कार मॅडम, स्ट्रेच मार्कच्या (त्वचा ताणून पडलेल्या रेषांच्या) लेझर सिटिंगनंतर तुम्ही आमच्या क्लिनिकला दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. एसी बंद होता आणि रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलली नाही, त्याबद्दल सॉरी, अगदी मनापासून. तिला मी बोललेय.

पण "आठ मिनिटांच्या कामाचे साडेचार हजार, आणि त्याआधी तासभर उगाच बसवून ठेवतात" हे वाचून खरंच वाईट वाटलं हो. उगाच कसं? तेवढा वेळ तुम्हाला कातडी बधिर करणारी नंबिंग क्रीम लावून वरून प्लास्टिक गुंडाळलेलं होतं ना, ती चढायला पाऊण तास तरी लागतोच, आधी पुसली असती तर लेझरच्या पहिल्याच शॉटला ओरडला असता. आणि वेळ दिली होती साडेचारची, तुम्ही आलात पाच दहाला, कर्वे रोडचं ट्रॅफिक आम्हालाही रोजचंच आहे म्हणून कोणी चकार शब्द काढला नाही, उलट पुढच्या पेशंटला थांबवून तुम्हाला आधी घेतलं. ते रिव्ह्यूत कुठेच नाही.

आठ मिनिटं, हे मान्य. पण फ्रॅक्शनल सीओटू लेझर त्वचेत बारीक बारीक ठिपके पाडतं, मधली कातडी तशीच सोडतं, आणि ते ठिपके भरताना आत नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, बनतं, ते काम तुम्ही घरी गेल्यावर पुढे काही महिने चालतं. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर पॉवर वाढवली की काळे डाग पडायची भीती, म्हणून डॉक्टर बेतानेच ठेवतात आणि सिटिंग जास्त लागतात. पैसे वसूल वाटावेत म्हणून अर्धा तास फिरवत बसायचं का? मशीनचे हप्ते अजून चालू आहेत, बँक मिनिटं मोजत नाही.

फरक दिसला नाही म्हणता, तर दुसरी सिटिंग होऊन तीनच आठवडे झालेत. स्ट्रेच मार्क लालसर असताना लवकर ऐकतात, पांढरे पडले की हट्टी होतात. आणि पूर्ण जात नाहीत, फिकट होतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शिवाय काउंटरवर पाटी आहे. पुण्यात पाटी लावूनही कोणी वाचली नाही असं बहुतेक आमच्याकडेच होत असेल.

असो. एसीवाला बुधवारी येतोय, बसण्याचंही काहीतरी करतो. तुमची तिसरी सिटिंग कॅन्सल केलेली नाही. वेळ साडेचारचीच आहे.