गव्हर्नर हसले, दाजी!

आज सकाळी दहाच्या ठोक्याला मेव्हण्याचा फोन. "दाजी, टीव्ही लावा, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर हसतायत! मार्केट पळणार आज." मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांचा हिशेब जुळवत होतो. मागे माग खडखडतायत आणि हा मला संजय मल्होत्रांच्या चेहऱ्यावरून भविष्य सांगतोय. डोकंच फिरलं.

4 मे 2022 मी विसरणार नाही. अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, सोलापूरचं ऊन. व्याजदर ठरवणारी पतधोरणाची बैठक जूनमध्ये ठरलेली, आणि दुपारी दोनला तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक पडद्यावर. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून 4.40. सेन्सेक्स तेराशेनं आपटला. मेव्हणा त्याच दिवशी एलआयसीच्या आयपीओचा अर्ज भरून बसलेला, रडकुंडीला आला. मी हसलो होतो. आपला एक शेअर नाही, आपलं काय जातंय!

फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो 6.50. घराच्या 20 लाखांच्या कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच, 17,640. म्हणून मी निवांत. एकदा सहज बँकेत स्टेटमेंट काढलं, तर हप्ता तोच ठेवून बँकेनं मुदत वाढवलेली, 15 वर्षांचं कर्ज 20 वर्षांवर! "साहेब, हे कधी झालं?" "मेसेज आला असेल की." आला असेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटणारा माणूस त्रेसष्टला सुटणार, हे मेसेजमध्ये लिहिलं होतं का?

हां, महागाई 7 टक्क्यांच्या घरात होती, दर वाढवणं भाग होतं, आणि निर्णय सहा जणांची समिती घेते. मान्य. पण कॅमेरा एकाच तोंडावर ना? तिकडे अमेरिकेत ऑगस्ट 2022 मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख पॉवेल जॅक्सन होलच्या परिषदेत दहा मिनिटंही बोलले नाहीत, तर तिथल्या शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक हजार अंकांनी खाली! आमचा विणकर जन्मभर बोंबलला तरी मजुरी चार आणे हलत नाही.

6 जून 2025 ला रेपो अर्धा टक्का एकदम कापला. बाजार तिथल्या तिथे उसळला. मी बँकेत गेलो, तर "तीन महिन्यांत सिस्टीममध्ये येईल."

मेव्हण्यावर सकाळी जास्तच ओरडलो. लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी दरमहा म्युच्युअल फंडात एसआयपी करतो बिचारा, सट्टा नाही खेळत. आत्ता शेंगाचटणीचा पुडा घेऊन आलाय. माझं स्टेटमेंट मागून घेतलं, गठ्ठ्याच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीनं आकडेमोड चाललीय.

म्हणतो, दाजी, एकसष्टला सुटाल.