पोटखराबा

मागच्या आठवड्यात आंब्याच्या कोय कलमांचे फोटो टाकले तेव्हा खूप जणांनी कौतुक केलं. त्याच्या आदल्या पोस्टमध्ये सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरच्या जमिनींबद्दल लिहिलं होतं, तिथे मात्र शुकशुकाट. मुंबईच्या एका मैत्रिणीने तर फोनच केला. "तू झाडांचं, घराचं टाक गं, बघायला बरं वाटतं. राजकारण कशाला मध्ये आणतेस?" तिचा हेतू चांगला होता, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण गेले चार दिवस गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, रचताना तेच डोक्यात घोळतंय, तेव्हा आज सविस्तर लिहिते.

आधी गडग्याचं सांगते. आषाढातल्या पावसाने परसवाच्या वरच्या अंगाचा गडगा दहा-बारा हात ढासळला. गडीमाणूस मिळत नाही आणि मला हे काम आवडतं, म्हणून मीच अंगावर घेतलं. सिमेंट नाही, माती नाही, नुसता जांभा दगड. पहिल्या दिवशी भराभर रचत गेले आणि संध्याकाळपर्यंत कमरेएवढ्या झालेल्या गडग्याला मधोमध पोट आलं. शेजारचे आबा पायरीवर बसून बघत होते. ऐंशी ओलांडलेला माणूस. "दगडाक तोंड असता बाय, तां आधी बघ," एवढंच म्हणाले. सगळं उतरवलं आणि पुन्हा पायापासून सुरुवात केली. आता प्रत्येक दगड हातात फिरवून बघते. सपाट तोंड बाहेर, निमुळतं टोक आत, खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड, आणि प्रत्येक थर किंचित आत झुकता. मधल्या पोकळीत बारीक दगड ठासायचे. दिवसाला दोन हात होतो, पण तो हलत नाही.

पाया उकरताना एक गोष्ट नजरेत भरली. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते, तरी खालच्या कातळातून पाणी पाझरत होतं. थंडगार आणि काचेसारखं स्वच्छ. हे पाणी सड्याचं. आमच्या घराच्या डोक्यावर जो उघडा कातळसडा आहे, त्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून, भेगांतून खाली उतरत राहतो आणि पायथ्याच्या विहिरींना, झऱ्यांना येऊन मिळतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात वाड्यावाड्यांवर टँकर येतात. आमची विहीर मात्र मेच्या मध्यापर्यंत तग धरते, ती या सड्याच्या जिवावर.

आणि सातबाऱ्यावर या सड्याची नोंद काय आहे? पोटखराबा. म्हणजे लागवडीला अयोग्य.

हा शब्द मला लागतो. जूनअखेर याच सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं उभी असतात, आणि ती कोकणाबाहेर सहसा भेटत नाहीत. आता सीतेची आसवं फुलली आहेत, अख्खा कातळ जांभळा झालाय. वाडीतली गुरं चार महिने तिथेच चरतात. आणि याच जातीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं. कशेळीचा हत्ती आहे, देवाचे गोठणेचा माणूस आहे, बारसूला दोन श्वापदांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. २०२२ मध्ये कोकण आणि गोव्यातली अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वी ज्यांना हा कातळ नुसता दगड वाटला नाही, त्यांच्या गावात आपण राहतो आणि कागदावर त्याला पोटखराबा म्हणतो.

इथून पुढचं राजकारण आहे, आणि ते मी आणलेलं नाही. राजापूर तालुक्यातल्या नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमीन घ्यायची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली, २०१९ मध्ये रद्द झाली. मग तोच प्रकल्प बारसू-सोलगावला न्यायचं ठरलं आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची यंत्रं सड्यावर चढली, बरोबर पोलिसांचा ताफा. भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या. त्यांच्यातल्या कित्येकींच्या हातांना माझ्यासारखीच गडग्याची आणि कोयतीची सवय आहे. मला सगळ्यात टोचलं ते हे, की आधी यंत्रं आली आणि विचारणं नंतर.

रोजगार नको म्हणणारी मी नाही. माझा भाचा डिप्लोमा करून पनवेलला बारा तासांची ड्युटी करतो, त्याला इथे काम मिळालं तर माझ्याएवढा आनंद कुणाला होणार नाही. प्रकल्पाच्या बाजूने असलेल्या शेजाऱ्यांशी माझं बोलणं आहे, त्यांचंही दुःख खरं आहे. पण जमीन कुणाची, पाणी कुणाचं आणि ठरवणार कोण, हे आधी स्पष्ट व्हायला हवं. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासकच बसला. म्हणजे बारसूला पोलीस आले तेव्हा ज्याच्या दारात जाऊन जाब विचारावा असा आमचा निवडून दिलेला जिल्हा परिषद सदस्यच नव्हता.

गेल्या थंडीत हे माझ्या घरापर्यंत आलं. सड्यावरची आमची जमीन सामाईक आहे, सातबाऱ्यावर तेवीस नावं. त्यातल्या एका चुलत घराण्याने आपला हिस्सा विकायला काढला, मध्यस्थ बाहेरचा, घेणारा कोण ते धड कळत नव्हतं. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोटीस निघाली की हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. नोटीस येते गावच्या पत्त्यावर, आणि गावच्या घराला कुलूप. तेविसांपैकी इथे राहणारे आम्ही तिघे. मला कळलं ते निव्वळ योगायोगाने, वीजबिल भरायला गेले तेव्हा कुणीतरी सहज विचारलं म्हणून. अकरावा दिवस होता. रात्री बसून हरकतीचा अर्ज लिहिला, सकाळी तलाठ्याकडे दिला, पोच घेतली. प्रकरण अजून चालू आहे. चार दिवस उशीर झाला असता तर, या विचाराने अजून झोप उडते.

म्हणून मुंबईकरांनो, चाकरमान्यांनो, पोटतिडकीने सांगते. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आपला सातबारा उघडा, नावं वाचा. 'आपली चावडी' या सरकारी पानावर गावाच्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात, महिन्यातून दोनदा तिथे नजर टाका. गणपतीला येता तेव्हा आरतीनंतर अर्धा तास भावकीला घेऊन बसा आणि वारस नोंदी राहिल्या असतील त्या मार्गी लावा. आजोबांच्या नावावर राहिलेली जमीन वादात सापडायला वेळ लागत नाही.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला या. गणपूर्तीला शंभर माणसं किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते, एवढीच लागतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि मग पुढच्या सभेला मूठभर माणसांत ठराव होऊन जातात. गेल्या वेळी मी मोजलं, सत्तावीस जण होतो.

मैत्रिणीला आता उत्तर देते. बाई गं, कलमांचंही ऐक. रायवळ म्हणजे गावठी आंब्याच्या कोयी वाफ्यात घातल्या, पंधरा दिवसांत तांबूस पानांचे कोंब वर आले. हापूसची तेवढ्याच जाडीची काडी घेऊन पाचर कापायची, कोंबाच्या चिरेत बसवायची, साल सालीला भिडली पाहिजे, मग पट्टी घट्ट गुंडाळायची. एकवीस बांधली, त्यातल्या सहांनी डोळे फोडलेत. ही कलमं फळाला यायला पाच-सहा वर्षं जातील. तोवर पायथ्याच्या विहिरीला पाणी असेल की नाही, ते वर सड्याचं काय होतं त्यावर ठरणार आहे. मग कलमांचं लिहू आणि सड्याचं नको, हे मला कसं जमेल?

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला ग्रामसभा आहे. सड्यावरच्या पाण्याच्या नोंदी आणि कातळशिल्पांच्या हद्दी हे दोन विषय घ्यावेत असं पत्र मी दिलंय, वाडीतल्या चौदा जणींच्या सह्या आहेत. खालच्या वाडीत उद्या सकाळी जाणार आहे. गडगा अजून चार हात राहिलाय, तो पाऊस उघडला की.