मेजर, परत जाऊच नका!

मेजर (गावात प्रत्येक फौजी मेजरच), गणपतीला सुट्टी मिळाली, बांधाचा वाद अजून मिटलेला नाही, आणि परवाचं झेलम एक्स्प्रेसचं तिकीट खिशात आहे. फाडून टाका. कोण काय करणार? फार तर आर्मी अ‍ॅक्ट, १९५०.

सुरुवात तशी स्वस्तात होते. सुट्टी संपूनही सबळ कारणाशिवाय घरीच राहिलात तर कलम ३९, जास्तीत जास्त ३ वर्षं. बांधाचा दावा याहून जास्त चालतो. पण परत जायचंच नाही असं ठरवलंत की कलम ३८, आणि मग ७ वर्षांपर्यंत कैद. युनिट अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर, असताना किंवा तसा हुकूम आल्यावर निघालात, तर देहदंडापर्यंतची सोय आहे.

३० दिवस गैरहजर राहिलात की तिकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेचं चौकशी मंडळ, बसतं. तुमच्या आठवणीने कुणी गहिवरत नाही, तुमच्या ताब्यातलं सामान मोजतात. हत्यार, काडतुसं, मग कपडेलत्ते. आत्ता गोठ्यात शेण काढताना पायात जे बूट आहेत ना, ते त्या यादीत आलेच. त्यानंतरही हजर झाला नाहीत की तुम्ही अधिकृत भगोडे. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, तेवढंच वॉरंट वाचायचे कष्ट वाचले.

आजारपणाचा सल्ला तुमचे काका देतील. "पाठ धरलीय म्हण की!" म्हणा, पण कलम ४६ वाचून म्हणा. सोंग घेणं, दुखणं ओढवून घेणं आणि बरं व्हायला मुद्दाम उशीर लावणं, तिन्हीला ७ वर्षांपर्यंत. म्हणजे गोळी जिभेखाली धरून तुळशीत थुंकलीत तरी गुन्हा. हे कलम लिहिणारा नक्कीच एखाद्या एकत्र कुटुंबात वाढला असणार.

चौकातल्या भाऊंकडे मात्र बघू नका. "घुसून मारा" म्हणून ते रोज ओरडतात, आणि त्यांना यातलं एकही कलम लागत नाही. आपल्याकडे सक्तीची भरती नाही. भाऊ भरतीचे १६०० मीटर कधी पळालेच नाहीत, मग पळून गेल्याचा गुन्हा कसा लागणार? चूक तुमची, पहाटे उठून पळालात.

तीन वर्षं दडून बसलो की खटल्याची मुदत संपेल, असंही कुणी सांगेल. इतर बऱ्याच गुन्ह्यांना ती मुदत आहे, पळून जाण्याला नाही. एक पळवाट आहे खरी. अधिकारी नसाल, अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवरून पळाला नसाल, आणि नंतर सलग ३ वर्षं फौजेत उत्तम नोकरी केलीत, तर खटला चालत नाही. थोडक्यात, लपायला उत्तम जागा म्हणजे फौज.

दुसरीकडे लपायचं तर माणूस पारखून घ्या. फौजेतल्या दोस्ताने जाणूनबुजून आसरा दिला तर त्याला ७ वर्षांपर्यंत. साडूने दिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६४, २ वर्षांपर्यंत. सुटका फक्त बायकोला. जुन्या दंडसंहितेत ही सवलत बायकोपुरतीच होती, १ जुलै २०२४पासून नवऱ्यालाही मिळते, कारण आता पळणारी बायकोही असू शकते.

तेव्हा वहिनींकडेच लपा. माळ्यावर जागा करतील, दोन दिवस गरम भाकरीही देतील. तिसऱ्या दिवशी दळण आणा म्हणतील. चौथ्या दिवशी चकल्यांचा डबा पिशवीत घालून स्वतःच एसटी स्टँडवर सोडायला येतील, आणि गाडी हलेपर्यंत तिथून हलणार नाहीत.