आठाची वाटणी

परवा संध्याकाळी पाचवीतल्या लेकीनं वही पुढं केली. शाळेतून 'घरच्यांसोबत सोडवा' म्हणून कोडं आलेलं. ३, ३, ८, ८. चारही आकडे एकेकदाच वापरायचे, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करायचं, पण उत्तर चोवीस आलं पाहिजे. मी बावीस वर्षं पतसंस्थेत ताळेबंद जुळवतोय. आधीचं चार चौकारांचं कोडं तर चुटकीसरशी सुटलेलं: चार चोक सोळा, त्यात चार, आणखी चार. "आण इकडं," म्हणालो. तिथंच फसलो.

नऊपर्यंत पालकांच्या ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. एकानं तर "दोन मिनिटांत" असं लिहिलं. या गृहस्थांकडून सोसायटीच्या गणपतीचा हिशेब अजून यायचाय.

डोकं थंड करायला कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात, तिथं. लाइटबिलाच्या पाठीवर आकडेमोड चालली होती. शेजारी एक मामा, मूळच्या मिशीवर फेसाची दुसरी मिशी.

"काय मांडलाय?"

सांगितलं.

"तीन आठे चोवीस. झालं की!"

"एक तीन, एक आठ उरतोय मामा."

"उरूंदे. घरी लावून द्या."

"सगळे वापरायचे असतात."

"का? जावळाला बोलावलंय व्हय समद्यास्नी?"

खरं तर मामांचं चुकलं नव्हतं. ब्रिटिश टीव्हीवर १९८२ पासून असाच खेळ चालतो. सहा आकडे, तीन अंकी लक्ष्य, तीस सेकंद. तिथं सगळे आकडे वापरायची सक्ती नाही. गोरे लोक सोडतात, आमची शाळा सोडत नाही.

"मग आठाला तिनानं भागा."

"भाग जात नाही, मामा."

मामांनी ग्लास खाली ठेवला. "आमचं आठ गुंठं. आमी तिघं भाऊ. भाग जात न्हाई म्हणून वाटणी ऱ्हायली व्हय? मोजणीवाला आला, साखळी वढली, खुंट्या ठोकल्या. धाकट्यानं रातीत खुंटी हातभर सरकवली. थोरल्यानं ती उपटून न्हाणीत जाळली. आज नऊ वर्सं बोलत न्हाईत. पण भाग गेला का न्हाई?"

मी मनातल्या मनात त्यांची कीव केली आणि दूध संपवलं. म्हशीनं लाइटबिलावर शेपटी मारली.

काल सकाळी वेणी घालून घेता घेता लेक म्हणाली, "पप्पा, आठ भागिले तीन. ते तिनातनं वजा केलं की उरतो एक तृतीयांश. आठाला त्यानं भागलं की चोवीस."

"अपूर्णांक चालतात?"

"चालत नाहीत असं कुठं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. पण चालतात असं तरी कुठं लिहिलं होतं? आमच्या वेळी बाकी शून्य आली की शाबासकी, नाहीतर पट्टी. तो धाक हाडात मुरलाय. आणि गृहपाठ नक्की कुणाचा? दिवसभर लोकांचे हप्ते जुळवून घरी यायचं आणि लेकीसमोर नापास व्हायचं, एवढ्यासाठीच फी भरतोय का मी?

संध्याकाळी कट्ट्यावर मामा होतेच. उत्तर सांगितलं. बराच वेळ ते म्हशीकडं बघत राहिले.

"म्हंजे आठाला भागलं, आन् चोवीस झालं?"

"व्हय."

"आठाचं चोवीस?"

"व्हय, मामा."

"कुठला मोजणीवाला म्हनायचा ह्यो? थोरल्याला सांगतो, परत मोजणी लावू."